सोनं कोणाले चिकटते

—अवो नाही, चप्पल बाहेरच राहू दे आत्या, आत चालत नाही — अन् पदर खोचून घे, इथं लॅबात सगळा कारभार काचेचा आहे — हां, असा. बस आता या स्टुलावर. फिरते तो, घाबरू नको, टेबल धर — पडत नाही वो, आम्ही रोज बसतो त्याच्यावर, आमच्या साहू मॅडम तं तुझ्या दुप्पट आहेत. घरधनी तुझे, मामाजी, राहू दे बाहेरच. कडुनिंबाखाली स्कूटर लावून पेपर वाचून राहिले, बरे आहेत तिथं. आत आणले तं आधी विचारतील पंखा इतका कावून फिरते, मग लाइटबिल कोण भरते, मग ही मशीन बंद कावून नाही केली. रेल्वेची गार्डकी सुटली पण माणूस अजून हिरवा झेंडा घेऊनच उभा आहे. बरं ते जाऊ दे — तू कावून इतकी चूप? चरोद्याहून भिलाईपर्यंत स्कूटरवर मागं बसून आली अन् एक शब्द नाही? तू? तुळसाबाई? जिनं घरातून हाक मारली तं यार्डातलं शंटिंग थांबते, ती? — तो तंबाखू-गुळाचा गुडाखू आहे ना तोंडात? खरं सांग. बाहेर बेसिन आहे, आधी थुंकून ये. नाही? मान हलवते. मग काय, मौन आहे? शनिवारचं? हे नवीन कधी धरलं? — बरं. तुमचं एक-एक. सोमवारी एक वेळ जेवायचं, गुरुवारी केस नाही धुवायचे, अन् आता शनिवारी तोंड नाही उघडायचं. चांगलंच आहे म्हणा. मी बोलते, तू ऐक. आपल्या खानदानात पहिल्यांदाच होऊन राहिलं असं, की लहान बोलून राहिलं अन् मोठं ऐकून राहिलं. फोटो काढून ठेवायले पाहिजे.

हे पाह्य. ही बाटली. उजेडात धर, पण घट्ट. काय आहे सांग बरं? — बोलत नाहीस, मीच सांगते. डाळिंबाचा रस नाही, गुलाबाचं सरबत नाही. सोनं आहे. सोनं! भुवया वर नको करू, सच्ची सांगून राहिली. इतकं बारीक, इतकं बारीक केलं की सोनं पिवळं राहतच नाही, लाल होते. कावून? त्याच्यावर उजेड पडला की हे कण त्यातला हिरवा रंग गिळून टाकतात अन् लाल आपल्याकडे सोडतात. हिरवं खाऊन लाल थुंकणं — मामाजीच्या पानासारखं एकदम. हसली! हसली ना? मौनात हसायले चालते वाटते. — अन् आता हात कावून जोडते? अरे माय, लक्ष्मी नाही ते, सॅम्पल आहे सॅम्पल! — बरं जोड. मीबी पहिल्या दिवशी जोडले होते. कोणाले सांगजो नको, इथं माझी इज्जत आहे.

अन् हे मी बनवलं, विकत नाही आणलं. सोन्याचं मीठ असते एक, पाण्यात टाकलं की हळदीच्या पाण्यावाणी दिसते. ते उकळायचं, उकळी आली की त्यात सायट्रेट ओतायचं — लिंबाच्या घराण्यातलंच आहे ते, तुले समजावं म्हणून सांगते. तं आधी पिवळा रंग जाते, मग मळकट काळं होते, मले वाटलं गेलं, बिघडलं, मॅडम खाऊन टाकतील मले — अन् मग जांभळं, अन् मग हे असं, लालचुटुक. आत्या, मी एकटी नाचली इथं. पांढरा कोट घालून. शंकरपाळे नाही जमत मले, मागच्या दिवाळीले तूच म्हटलं होतं ना की यानं भट्टीचं अस्तर लावता येईल — पण हे जमते. किती बारीक असते विचार? एक केस घे, तुझा पांढरा घे, काळा आता सापडायचा नाही. त्या केसाची जाडी म्हणजे इथून कुम्हारीपर्यंतचा अख्खा रस्ता समज, तं हा कण म्हणजे त्या रस्त्यावरचा एक ट्रक. एवढासा. अन् असे किती ट्रक या बाटलीत, ते मोजायची सोय नाही.

आता पुढची गोष्ट ध्यान देऊन ऐक, कारण हीच खरी आहे अन् हीच कोणी ऐकत नाही. हा नुसता कण कोणाले चिकटत नाही. नुसतं सोनं म्हणजे यार्डात मोकळा फिरणारा डबा, धक्का दिला तं जाते, कुठंबी जाते. त्याले कपलिंग लागते. तुले काय सांगू कपलिंग, तुझ्या क्वार्टरच्या खिडकीतूनच दिसते दिवसभर. तं आम्ही काय करतो, या कणाले एक कपलिंग जोडतो — अँटिबॉडी म्हणतात, नाव सोड. ती कपलिंग एकाच जातीच्या हुकात बसते. अन् कॅन्सरच्या पेशीच्या अंगावर ते हुक इतके असतात, इतके असतात, जसे काही दुकान लावून बसली आहे. चांगल्या पेशीवर एखाददुसरा. मग? मग काय, आपली गाडी सोडली की सगळे डबे तिकडंच जाऊन जुडतात. खट खट खट. चांगली पेशी राहते अंधारात, अन् बिघडलेली सोन्यानं मढून जाते. चोराच्याच घरावर दिवाळीचे दिवे लागल्यासारखं. समजलं? मान हलव. — नाही, अशी नाही, ही तू बाबाचं भाषण संपावं म्हणून हलवते तशी हलवली.

चल, आता या मायक्रोस्कोपले डोळा लाव. एक नाही, दोन्ही. चश्मा काढ आधी. थोडी वाक — डोरलं मागं टाक, लेन्सले लागून राहिलं — अन् ही पोत कशी ढिली झाली तुझी? डोरल्याच्या बाजूचा सोन्याचा मणी कुठं गेला एक? पडला? बाजारात ओढला वाटते कोणी. मामाजीले माहीत आहे का? — नाही. मग मजा आहे तुझी. झाकून काय होते, मी पाहिलं ना. बरं, नंतर शोधू, आता पाह्य. दिसलं? काय, केस दिसते? बोटानं केस-केस करून राहिली... त्या तुझ्या पापण्या आहेत आत्या! जरा मागं हो! — माय वो. या मशीनमधून दुनियेची माणसं कॅन्सर पाहतात अन् माझी आत्या पापण्या पाहते. — हां. आता? काळं दिसते, सगळं काळं, त्यात इथं एक ठिपका तिथं एक ठिपका? बरोबर. या चांगल्या पेशी. गरीब बिचाऱ्या, अंगावर फुटका मणी नाही. आता थांब, काच बदलवते — हात नको लावू, हात नको लावू — हां. आता पाह्य.

...

पाहिलं? बोलायचं नाही तं निदान श्वास घे. रात्री स्टील प्लान्टमधून स्लॅग, तो लोखंडाचा तापलेला मळ, ओततात तेव्हा आभाळ कसं तांबडं-पिवळं होते, लहानपणी तू मले गच्चीवर नेऊन दाखवायची अन् म्हणायची पाह्य, देवानं चूल पेटवली — तसंच आहे ना? काठाकाठानं पेटलेलं. ही एक पेशी, ही दुसरी, ही पाह्य कशी फुगून बसली, एकदम लग्नातली मावशी. सुंदर आहे ना? मलेबी वाटते. हीच तं गोची आहे. पहिल्यांदा असा फोटो आला तेव्हा मी फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली काय आहे ते लिहिलंबी, अन् बाबानं उत्तर दिलं ‘शुभ दीपावली’. अकोल्याच्या काकानं पाच हात जोडले. कॅन्सरच्या फोटोले! वाचत नाही ना तुम्ही लोक. चमकते ते दिसलं की हात जोडून मोकळे.

या पेशी कोणत्या आहेत, विचारलं नाही तू. विचारशील कशी, मौन आहे. तोंडातल्या आहेत. नाही, घाबरू नको, इथल्या कोणाच्या नाही — कोण्या मुलखातल्या, कोण्या काळच्या माणसाच्या, आता बाटलीत वाढवतात त्या, दही विरजण लावून पुढं नेतात ना तशा. पण जागा तोंडातलीच. गालाच्या आतली, जिभेच्या बाजूची. जिथं रोज सकाळी उठून बोटानं गुडाखू घासतात ना, दात साफ करायच्या नावाखाली, अन् दुपारी परत घासतात, जेवण पचायच्या नावाखाली, अन् संध्याकाळी परत, आता कोणत्या नावाखाली ते मले माहीत नाही — तिथली. — उठू नको. आत्या, उठू नको, बस. स्टूल फिरते म्हटलं ना! बस.

हो. म्हणूनच आणलं तुले. सोनं दाखवायले नाही आणलं. म्हणजे सोनंबी दाखवायचं होतं, पण मामाजीले फोन केला तेव्हा खोटं बोलली मी, की कॉलेजात घरच्यांले बोलवून राहिले आहेत, प्रदर्शन आहे. कोणतं प्रदर्शन? दिसून राहिलं का कोणी? गेटवरच्या चौकीदाराशिवाय कोणी नाही आज, तोबी ‘आवव दाई, आवव’, ये माय ये, म्हणून तुलेच सलाम करून राहिला होता. आपल्या शिल्पाच्या लग्नात पाहिलं मी. हळदीच्या दिवशी ती वंदनाबाई नाचता नाचता पडली अन् तू डोकं मागं टाकून हसली, अख्खं तोंड उघडून, अन् मी समोरच बसली होती. डाव्या गालात, आतून. पांढरा चट्टा. तुले वाटलं कोणी नाही पाहिलं, तू लगेच पदर लावला तोंडाले. मग जेवताना भाजीतलं तिखट काढून ठेवत होती. तू! ठेचा खाणारी! तेव्हापासून मी म्हणून राहिली, दवाखान्यात चल, दवाखान्यात चल. तं काय म्हटलं तू? लग्न होऊन जाऊ दे. झालं. मग म्हणे पितरं आहेत, पितरांत दवाखान्याचं तोंड नाही पाहायचं. मग महालक्ष्म्यांचं सामान उचलून ठेवायचं राहिलं. मग नवरात्र. मग दसरा. तुमच्या कॅलेंडरात कॅन्सरले एक दिवस मोकळा नाही ना वो! त्यालेबी सांग, बाबा रे, जरा एकादशी टळू दे, मग ये.

अन् सगळ्यात मोठं कारण काय, तं तपासणीची सुई. सुई लावली की भडकते. कोण म्हणे? वंदनाबाईच्या जेठाले, मोठ्या दिराले, सुई लावली अन् तो गेला. अवो, सुई लावली म्हणून नाही गेला, सुई उशिरा लावली म्हणून गेला! घर जळून राख झाल्यावर बंबवाला आला, तं तुम्ही म्हणता बंबवाल्यानं जाळलं. तुमची ही सगळी पिढी ना — आमाले सांगता शिका, शिका, मोठे व्हा. आम्ही शिकलो अन् घरी येऊन सांगितलं की असं आहे, तं म्हणता, राहू दे, तू काल जन्मली. मग शिकवलं कावून? ग्रुपवर फोटो टाकायले?

नाही, चिडत नाही मी. माझा आवाजच असा आहे, तुझ्यावरच गेला.

बोटानं काय दाखवून राहिली? मशीन? मशीनचं काय? — अच्छा. तुझ्या तोंडाले लावून पाहू? या मशीननं? माझ्या सोन्यानं? बिना सुईचं? — हेच. हेच मले वाटलं होतं. म्हणजे तू दवाखान्यात जात नाहीस, कारण घरात मृणाल आहे. भावाची पोरगी सोन्याची मशीन घेऊन बसली आहे, ती एक दिवस सोनं लावेल अन् घरच्या घरी सांगेल. आत्या — कसं सांगू तुले. हे सोनं ना — हे अजून कोणाच्याच कामाचं नाही. म्हणजे आहे. होईल. कधी तरी होईल, खूप लोक लागले आहेत दुनियेत त्याच्या मागं, मी त्यातली एक, शेवटच्या बाकावरची. पण आज, तुझ्या तोंडासाठी? काही नाही. दवाखान्यात एक साधा माणूस एवढासा तुकडा घेईल, चिमटीएवढा, त्याले गुलाबी-जांभळा रंग लावेल, जुनापुराणा, साधा, अन् साध्या मशीनखाली पाहून सांगेल. त्याचं जे खरं, ते खरं. माझं नाही. मी डॉक्टर नाही. मी सोनं उकळते अन् फोटो काढते. अन् बाबा अख्ख्या हुडको कॉलनीत सांगत फिरतात की आमची मृणाल कॅन्सर पकडते. मी एक पकडला नाही आतापर्यंत. बाटलीतल्यांले सोडून. हे तुलेच पहिल्यांदा सांगून राहिली, आईलेबी नाही सांगितलं, तिनं मामाकडच्यांले फोन करून करून —

थांब. हे काय वाजलं?

कट्ट झालं आत्ता. तुझ्या तोंडात. दाताले काही तरी लागलं. सुपारी? खडीसाखर? मौनात खडीसाखर? आत्या. माझ्याकडे पाह्य. गिळू नको! काय आहे ते — गिळू नको, मी काही म्हणत नाही — काढ. हातावर काढ. हा घे कागद, लेन्स पुसायचा आहे, काही हरकत नाही, काढ.

...

मणी?

हा तं तुझ्या पोतीतला — आत्या, हा मणी तोंडात कावून आहे? बोल आता, झालं मौन, बोल! — काय? — हळू नको बोलू, मामाजी तिकडं दूर आहेत, बोल नीट. — चिकटते का पाहून राहिली होती?

चिकटते का.

कधीपासून? — दसऱ्यापासून. रोज? — रोज सकाळी घासणं झालं की गालात धरून ठेवते, डाव्या बाजूले, चट्ट्यावर, अन् स्वयंपाक होईपर्यंत नाही काढत. अन् मामाजीले वाटते मौन आहे. अन् मामाजी खुश असतील, म्हणा. — अन् मणी रोज सुटून येते. चिकटत नाही. काळाबी नाही पडला. म्हणून तू ठरवलं की तुले काही नाही. — हसू का रडू मी? नाही, सांग ना, हसू का रडू? मी इतकी वर्षं केमिस्ट्री शिकली, गाइडच्या शिव्या खाल्ल्या, अन् तू घरच्या घरी प्रयोग करून, निकाल लावून, बसली आहे मोकळी! अन् इतका पक्का प्रयोग की रोज परत करते. आमच्या डिपार्टमेंटमध्ये कोणी इतकं मन लावून नाही करत वो!

अन् सांगितलं कोणी तुले हे? — बाबानं. दसऱ्याले. हो. आठवलं. आपट्याची पानं हातात घेऊन, हॉलच्या मधोमध उभे राहून, ‘सोनं कॅन्सरले आपोआप जाऊन चिकटते, अन् आमच्या मृणालनं ते करून दाखवलं’. आपोआप! पूर्ण नोकरी प्लान्टच्या ऑफिसात काढली तुझ्या भावानं, श्यामरावांनी, एक पंखा आपोआप फिरलेला नाही पाहिला, अन् सोनं आपोआप! कपलिंग कुठं गेली बाबा? — अन् मी? मी तिथंच होती, हो. सोनपापडी खाऊन राहिली होती. मी कावून नाही टोकलं... आता कावून म्हणजे. दहा माणसं ऐकून राहिली होती आत्या. दरवर्षी त्या हॉलमध्ये माझं एकच निघते, पोरगी सव्वीसची झाली, पाहून राहिले का कुठं. त्या दिवशी पहिल्यांदा दुसरं काही निघालं. मले वाटलं, बोलू दे थोडं. तुझ्यासारखं कोणी ऐकून घेईल अन् खरंच — मले काय माहीत! तुम्ही लोक आमचं कधी ऐकता का? इतक्या वर्षांत एकदा ऐकलं, अन् तेबी हे!

बरं. बरं, ठीक आहे. शांतपणे सांगते. पाह्य. हा मणी, अन् ते बाटलीतलं. कुम्हारीच्या रस्त्यावरचा ट्रक सांगितला ना — तं हा तुझा मणी त्या हिशेबानं इथून मुंबईच्याही पुढं जाईल. तो पेशीले कसा चिकटेल? मुंगीच्या पायाले हत्ती बांधून राहिली तू. अन् चिकटायले त्याच्यावर आहे काय? डोरल्याचा मणी आहे, त्यावर मामाजीची कपलिंग आहे फक्त! — हसू नको, मी सीरियस आहे. तो चिकटला नाही याचा अर्थ काही नाही. ऐकलं? काही नाही. चांगलं आहे असंबी नाही अन् वाईट आहे असंबी नाही. कोणताच निकाल नाही लागला. तू इतके दिवस काही न तपासता बसली आहे, अन् गालात काय — अन् तुले कसंसंच नाही वाटलं वो? हातानं तोंडात ठेवताना? तोंडात सोन्याचा मणी कधी ठेवतात? सांग ना, तुले तं सगळ्या रीती माहीत आहेत, कोणत्या दिवशी काय खायचं, कोणत्या दिवशी काय नाही. आजीच्या तोंडात कोणी ठेवला होता? तूच ठेवला होता ना, तुळशीच्या पानासंग, दोन बोटांनी ओठ उघडून, आम्ही सगळे रडून राहिलो अन् तू एकटी न रडता — अन् आता रोज सकाळी, स्वतःच, उठल्याबरोबर, जितेपणी —

...

आत्या.

आत्या, मले तसं नव्हतं म्हणायचं. तोंडातून निघून गेलं. मी अशीच आहे, तू जाणते, आई म्हणते जिभेले ब्रेक नाही या पोरीच्या. — नाही ना, नको पुसू पदरानं, इथं चांगले कागद आहेत. हा घे. — मले फक्त भीती वाटते. इथं बसून बसून. दिवसभर त्या चमकणाऱ्या पेशी पाहते अन् घरी जाऊन डोळे मिटले की त्याच दिसतात, अन् त्यात तुझा चट्टा दिसते, हळदीच्या दिवशीचा. म्हणून ओरडते. दुसरं काही येत नाही मले. तू होती म्हणून मी झाली, आईच्या ड्युट्या असायच्या तेव्हा चरोद्यात तुझ्याच घरी वाढली, तुझ्या गुडाखूच्या डबीतलं एकदा चाखून पडली होती ना चक्कर येऊन, अन् तू रडली होती, अन् डबी फेकून दिली होती खिडकीतून, सीधी मालगाडीच्या डब्यात. गेली बिलासपूरले. — मग दुसऱ्या दिवशी नवीन आणली, हो, मले माहीत आहे.

मणी मी ठेवते माझ्याजवळ. या कागदात बांधून. संध्याकाळी पोतीत ओवून देते. गळ्यात घालायचा, बस. — तं ऐक आता. सोमवारचा नंबर लावून ठेवला मी. ममता आहे, माझ्यासंग शाळेत होती, त्या दवाखान्यातच नोकरीवर आहे, ती सोबत राहील. मी राहीन. सुई लावताना हात मी धरीन तुझा, नाही तं तू माझा धर. तुकडा घेतील, टाका लागला तं लावतील, झालं. मामाजीले सांगायचं तं सांग, नाही तं मी सांगते, ते काही म्हणणार नाही, झेंडा दाखवायची सवय आहे त्यांले, हिरवा दाखवतील. अन् बहुतेक काही निघणारच नाही, असे चट्टे किती लोकांले असतात, गुडाखू सोडला की जातातबी कधी कधी. मग तू मले आयुष्यभर टोमणे मार, मी ऐकीन. लिहून देते. —

काय?

आता पाहू? मी? नाही, मी काय पाहू, मी तं सांगितलं ना — बरं. बरं, कर. तूच म्हटलं हां. थांब, अशी नाही, खिडकीकडे फिर. स्टूल मी धरते. उजेड येऊ दे. हां. आ कर.

अजून. दुखते का? — अजून थोडं. जीभ तिकडं घे. मी गाल धरते बोटानं, दस्ताना घातला आहे, साफ आहे — हां, अशी राह्य.

अशीच राह्य.

...

...

कर बंद.

काय कशाचं? — काही नाही. म्हणजे... मले काय विचारते? मी काय डॉक्टर आहे?

ही मशीन बंद करते, थांब. लाइट. किल्ली कुठं ठेवली मी — हां, खिशात. — नाही, सोमवार नाही. आज शनिवार आहे ना, दवाखान्यात दोनपर्यंत बसतात डॉक्टर, ममताले रस्त्यात फोन करते. मामाजीले म्हण स्कूटर सुरू करा.

चप्पल घाल, आत्या.